वर्णन भरपूर आहे, मुद्दा कुठंय?

"ताई नमस्कार. मी समाजशास्त्रात एम.ए. करतेय, दुसरं वर्ष. मूळची बीड जिल्ह्यातली, सध्या नवी पेठेत कॉट बेसिसवर राहते. डिझर्टेशनचा विषय आहे पुण्यातल्या अभ्यासिका आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुली. १८ मुलींच्या मुलाखती घेतल्यात, खूप मेहनत केलीये. पण गाइड सरांनी तिसरा चॅप्टर परत दिला आणि वर एवढंच लिहिलं, 'वर्णन भरपूर आहे, मुद्दा कुठंय?' मी शाळेपासून वक्तृत्व आणि वादविवादात बक्षिसं घेतलीयेत, बोलताना कधी अडत नाही, पण लिहायला बसले की काय होतं कळत नाही. भाषा अजून भारदस्त करू का? मैत्रीण म्हणते चॅटजीपीटीत टाक, सगळं नीट करून देतं. आणि सरांना परत जाऊन विचारायची भीती वाटते, त्यांना वाटेल हिला एवढंही समजत नाही. चॅप्टर आणि मुलाखती जोडल्यात. – एक विद्यार्थिनी"

तुझा चॅप्टर आख्खा वाचला, मागच्या मुलाखती पण वाचल्या, आणि पहिलं हे सांगते की तुझ्याकडं माल चांगला आहे, खरंच चांगला आहे. सरांनी लिहिलंय ते मात्र बरोबर आहे. ते तुला कमी लेखायला लिहिलंय असं मला वाटत नाही, कारण ज्या चॅप्टरमध्ये काहीच नसतं त्यावर असा प्रश्न कोणी विचारत नाही. 'मुद्दा कुठंय' असं माणूस तेव्हाच विचारतो जेव्हा त्याला आत काहीतरी असल्याचा वास आलेला असतो आणि ते सापडत नसतं.

भारदस्त भाषेचं आधी संपवून टाकू. नको. आहे तीच थोडी उतरव. तुझं हे वाक्य बघ: "पुणे शहरामध्ये स्पर्धा परीक्षांच्या तयारीकरिता ग्रामीण भागातून स्थलांतरित झालेल्या विद्यार्थिनींच्या अभ्यासिका निवडीच्या प्रक्रियेमध्ये सुरक्षिततेच्या घटकाची भूमिका महत्त्वपूर्ण असल्याचे दिसून येते." यात चूक एकही नाही, व्याकरण चोख आहे, पण वाचणाऱ्याचा जीव जातो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे नक्की काय झालं हे शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही आणि तोवर मधलं सगळं डोक्यात धरून बसावं लागतं, त्यात '-च्या -च्या -च्या' अशी साखळी लागली की कोण काय करतंय हेच हरवतं. तुझ्या वाक्यात मुली आहेत पण त्या काहीच करत नाहीयेत बघ, 'प्रक्रिया' आहे, 'घटक' आहे, 'भूमिका' आहे. आता हेच असं लिहून बघ: "गावाकडून पुण्यात आलेल्या मुली अभ्यासिका निवडताना आधी रात्री परत यायचा रस्ता बघतात. फी त्यानंतर." दोन वाक्यं झाली, मुली परत आल्या, आणि महत्त्वाचं म्हणजे आता याला कोणी 'छे, असं काही नाही' म्हणू शकतो. पहिल्या वाक्याला कोणी नाही म्हणूच शकत नव्हतं, कारण त्यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतंच.

(समाजशास्त्राच्या संज्ञा टाकून दे असं मी म्हणत नाहीये हं. 'लिंगभाव', 'सार्वजनिक अवकाश' हे शब्द लागतील तिथं वापरच, ते नेमके आहेत. मी बोलतेय ते 'प्रक्रियेमध्ये', 'संदर्भामध्ये', 'अनुषंगाने' या उगाच भरलेल्या शब्दांबद्दल. आणि 'मी' लिहायचं की 'संशोधिकेने' हे तुमच्या विभागात काय चालतं ते विचारून घे, पण 'असे आढळते' असं लिहून कोणाला आढळलं हे लपवू नकोस.)

आता तुझ्या वक्तृत्वाकडं येते, कारण खरी गोम तिथं आहे असं मला वाटतं. तू स्टेजवरची एक गोष्ट इथं घेऊन आलीस आणि दुसरी तिथंच ठेवून आलीस, आणि नेमकी उलटी निवड झाली. घेऊन काय आलीस, तर चॅप्टरच्या सुरुवातीचा तो सुविचार, 'अत्यंत हृदयद्रावक', 'विदारक वास्तव', 'शिक्षणाची गंगा' असले शब्द. ठेवून काय आलीस, तर समोर बसलेली माणसं. वादविवादात उभी राहायचीस तेव्हा विरुद्ध बाजूची टीम पुढं काय बोलणार हे तू आधीच धरून बोलायचीस की नाही? परीक्षकाच्या चेहऱ्यावर शंका दिसली की तिथंच थांबून एखादं उदाहरण द्यायचीस ना? या चॅप्टरमध्ये असं वाटतं की हॉल रिकामा आहे. कोणी हरकत घेणार नाही, कोणाला काही पटवायचं नाही, फक्त सगळं सांगून टाकायचंय. रेटरिक म्हणजे फक्त भाषणबाजी असं समजून आपण ते अभ्यासाच्या लिखाणापासून लांब ठेवतो, आणि मग लिखाणात उरतं ते नुसतं वर्णन. मला हे फार मनापासून वाटतं की शंका घेणारा माणूस समोर बसवल्याशिवाय अभ्यासाचं लिखाण उभंच राहत नाही. तर तो बसव. हुशार आहे, वाईट नाहीये, घाईत आहे आणि त्याला तुझं पटलेलं नाहीये. त्याच्यासाठी लिही.

तो पहिला प्रश्न विचारेल की तुझं म्हणणं काय. 'पुण्यातल्या अभ्यासिका आणि मुली' हा विषय झाला. 'मुलींसाठी अभ्यासिका महत्त्वाच्या आहेत' हे म्हणणं वाटतं पण नाहीये, कारण याच्या विरुद्ध बोलायला उभं कोण राहणार? म्हणणं ते, ज्याला समजूतदार माणूस नाही म्हणू शकेल आणि तुझ्याकडचं बघून हो म्हणू शकेल.

आणि ते म्हणणं तुझ्याकडं आहे. ते तू पुरून ठेवलंयस. चॅप्टरच्या जवळजवळ शेवटी एका लांबलचक परिच्छेदाच्या पोटात एक मुलगी म्हणते, "इथं एसी नाही, फी पण दोनशेनं जास्त, पण खाली मेडिकल आहे ना, ते रात्री उशिरापर्यंत उघडं असतं, म्हणून." हे वाचून मी थांबलेच. आख्ख्या चॅप्टरमध्ये याच्यापेक्षा मोलाचं वाक्य नाही, आणि त्याच्या आधी तू लिहिलंयस 'विद्यार्थिनींनी विविध कारणे नमूद केली' आणि नंतर लिहिलंयस 'यावरून अभ्यासिकांचे महत्त्व अधोरेखित होते'. अगं, यावरून ते अधोरेखित होत नाही, यावरून दुसरंच काहीतरी होतं! ती मुलगी जास्त पैसे देतेय, कमी सोय घेतेय, आणि बदल्यात काय घेतेय तर खालचं उघडं शटर.

तुला हे वाक्य एवढं साधं का वाटलं ते मला कळतंय. तू स्वतः रात्री गांजवे चौकातून नाहीतर शास्त्री रोडनं चालत रूमवर जात असशील, तर उघडं मेडिकल म्हणजे काय हे तुला कोणी समजावून सांगायची गरज नाही. उजेड, येणारी-जाणारी माणसं, काउंटरवरचा तोंडओळखीचा माणूस, हाक मारली तर ऐकू जाईल एवढं अंतर. तुला माहितीये म्हणून तू लिहिलं नाहीस. पण तुझ्या वाचकाला ते माहिती असेलच असं नाही, जो कधी उघडी दुकानं मोजत रस्त्यानं चाललेला नाही त्याला 'मेडिकल उघडं असतं म्हणून' हे कारण म्हणून कळतच नाही, तो म्हणतो बरं मग? पुरावा आणि निष्कर्ष याच्या मधली ही जी पायरी आहे ना, ती लिहायची राहते, जवळजवळ सगळ्यांची राहते, आणि जो विषय आपल्या जगण्यातला असतो त्यात तर हमखास राहते. स्टीफन टूलमिन नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९५८ साली युक्तिवादाचे भाग सुटे करून दाखवले त्यात ही पायरी वेगळी काढून दाखवलीये: एक तुझा दावा, एक त्याला आधार असलेली माहिती, आणि तिसरं म्हणजे या माहितीवरून त्या दाव्याला जायचा परवाना कुठून मिळाला ते. रोजच्या बोलण्यात हा परवाना आपण उच्चारत नाही, समोरच्याला मान्य असतोच. वाद सुरू झाला की तोच मागितला जातो.

आपल्याकडं न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, तर हे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतोय, जिथं धूर तिथं आग जसं चुलीपाशी, तसाच धूर या डोंगरावर आहे, म्हणून डोंगरावर आग आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. यातली तिसरी पायरी बघ, धूर आणि आग यांचा संबंध सगळ्यांना माहिती असूनही तो बोलून दाखवायचा आणि वर उदाहरण द्यायचं. तुझ्या चॅप्टरमध्ये धूर खूप आहे, पानंच्या पानं धूर आहे. पहिली पायरी नाही आणि तिसरी नाही. तेवढं घाल. 'मुली जास्त फी देऊन वर्दळीच्या रस्त्यावरची अभ्यासिका घेतात', ही प्रतिज्ञा. मग मेडिकलवालीचं वाक्य. मग तुझ्या शब्दात तीन-चार ओळी की रात्री उघडं दुकान हे त्या रस्त्यावरच्या मुलीसाठी काय काम करतं, आणि अजून कोण कोण तसं म्हणालं.

आता तो शंकेखोर वाचक दुसरा प्रश्न विचारेल, आणि तो विचारायच्या आधी तू विचार. कशावरून? फी जास्त असलेल्या अभ्यासिकेत बाकी सोयी पण जास्त असतील, एसी असेल, वायफाय बरं असेल, शांतता असेल, मुली त्यासाठी गेल्या असतील, रस्त्याचं तूच मागाहून जोडतेयस. हा पूर्वपक्ष. आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांची पद्धतच होती की आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, मग उत्तर द्यायचं, मग सिद्धांताला यायचं, आणि समोरच्याचं म्हणणं मांडताना ते त्याच्यापेक्षा बरं मांडायचं. लंगडा पूर्वपक्ष उभा करून त्याला पाडण्यात काही अर्थ नाही, वाचकाला लगेच कळतं. हा सोयींचा पूर्वपक्ष तू जोरात मांड, त्याला एक परिच्छेद दे, आणि मग ती मुलगी आण. "इथं एसी नाही." बघ आता तेच वाक्य कसं उभं राहतं! आधी ते वर्णन होतं, आता ते उत्तर झालं. शब्द एकही बदलला नाही, फक्त त्याच्या आधी योग्य प्रश्न आला. पण सगळ्या मुलाखती असं उत्तर देणार नाहीत, तुझ्या त्या दोन मुली आहेत ज्या सरळ म्हणतात की आम्हाला एसी पाहिजे होता बास. त्यांना लपवू नकोस. त्यांना तिथंच ठेव, आणि त्या कुठं राहतात ते बघ, दोघी अभ्यासिकेच्याच बिल्डिंगमध्ये कॉटवर आहेत, त्यांना परतीचा रस्ताच नाहीये! हे तुझ्याच तक्त्यात आहे. तुझ्या विरुद्ध जाणाऱ्या मुलींनीच तुझं म्हणणं जास्त नेमकं केलं.

विश्वासाचं पण बोलायला पाहिजे. अ‍ॅरिस्टॉटलनं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवलंय की माणसाला पटतं ते तीन वाटांनी: बोलणाऱ्यावर विश्वास बसतो म्हणून, ऐकणाऱ्याच्या मनात भाव जागे होतात म्हणून, आणि मुद्द्यातच तर्क असतो म्हणून. ईथॉस, पेथॉस, लोगोस, हे तू वाचलं असशीलच. पण त्यातलं एक बारीक आहे ते फार कोणी सांगत नाही, तो म्हणतो की बोलणाऱ्यावरचा हा विश्वास त्याच्या आधीच्या नावलौकिकातून नको, बोलण्यातूनच तयार व्हायला पाहिजे. एम.ए.च्या मुलीसाठी याच्यापेक्षा धीर देणारं काय असणार? तुझं नाव नाही, डिग्री नाही, पुस्तकं नाहीत, काही हरकत नाही, विश्वास पानावरच कमवायचाय.

तो कसा कमवतात याचा नमुना पुण्यातच आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं जे निवेदन दिलं ते काढून वाच, तुझ्या विषयाच्या माणसानं तर वाचलंच पाहिजे. इतका मोठा माणूस, पण सुरुवात काय करतो, तर सांगतो की शिक्षणातला माझा अनुभव मुख्यतः पुणं आणि आसपासच्या गावांपुरता आहे. आधी कुंपण घालतो. हिंदुस्थानभराच्या शिक्षणावर बोलायला बसलेलं कमिशन आहे आणि हा माणूस म्हणतो मला एवढ्याच भागाचं माहिती आहे. आणि म्हणूनच पुढं त्या भागाबद्दल तो जे सांगतो ते खरं वाटतं. मग मुद्दा येतो, तोही घाव घालणारा: सरकारची तिजोरी भरते ती मुख्यतः रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडं. यातली मधली पायरी बघ, ज्यांच्या कष्टातून पैसा येतो त्यांच्या मुलांवर तो खर्च व्हावा, ती कुठलाही इंग्रज अधिकारी नाकारू शकत नव्हता. त्यावरून मागणी, नेमकी, आकड्यासकट: प्राथमिक शिक्षण निदान १२ वर्षांपर्यंत सक्तीचं करा. आणि शिक्षक कसे हवेत हे सांगताना 'समाजाभिमुख' वगैरे म्हणत नाहीत, म्हणतात शेतकरी वर्गातलेच, प्रशिक्षण घेतलेले, ज्यांना गरज पडली तर नांगराचं रुमणं किंवा सुताराचा वाकस हातात धरायची लाज वाटणार नाही. त्या काळच्या शाळामास्तरांवरची सगळी टीका त्या दोन अवजारांत आली. तुझं मेडिकलचं शटर त्याच जातीचं आहे गं, म्हणून मी त्याच्यामागं एवढी लागलेय.

आता तुझं कुंपण. तू लिहिलंयस '६१ टक्के मुलींनी अभ्यासिका बदलली'. १८ पैकी ११, गणित बरोबर आहे, पण टक्के लिहिले की वाचकाला शेकडो मुलींचा सर्व्हे डोळ्यासमोर येतो, आणि तू तर ओळखीतून ओळख काढत १८ जणींपर्यंत पोचलीस. सरळ '१८ पैकी ११ जणींनी' असं लिही. 'पुण्यातील विद्यार्थिनी' च्या ऐवजी 'मी ज्यांच्याशी बोलले त्या मुली' असं लिही, आणि कशा निवडल्या, कुठं भेटल्या, रेकॉर्ड केलं की टिपणं काढली, हे एका परिच्छेदात सरळ सांगून टाक. याला घाबरू नकोस, याच्यामुळं तुझं काम छोटं दिसत नाही. नावं बदललीस ते चांगलं केलंस, पण एकीचं गाव, वय, कुठल्या पदाची मुलाखत दिली आणि कोणत्या अभ्यासिकेत बसते हे सगळं एकत्र दिलंयस, त्यावरून तिला कोणीही ओळखेल, ते काढ.

भावनेचं विचारशील तर ती ठेव, पण विशेषणांतून नको. 'विदारक' हा शब्द कापून टाक आणि त्या जागी ती मुलगी जिन्यात उभी राहून रूमपार्टनरला फोन लावते आणि बोलत बोलतच घरी जाते, हे तुझ्याच मुलाखतीतलं, ते ठेव. आपण लिहिणाऱ्यानं 'किती वाईट' असं म्हटलं की वाचक मागं सरकतो, घडलेलं नेमकं सांगितलं की तो पुढं येतो. आणि मुलींची बोली सुधारत बसू नकोस, 'नाय' म्हणाली असेल तर 'नाय' च ठेव.

दुसऱ्या चॅप्टरवर फार बोलत नाही, पण 'अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी असे म्हटले' अशी हजेरी घेत बसलीयेस. लेखकांच्या नावांनी परिच्छेद पाडू नकोस, वादांनी पाड. कोण म्हणतंय की शहरात आल्यावर मुलींना मोकळीक मिळते, कोण म्हणतंय की बंधनं फक्त रूप बदलतात, आणि तुझ्या मुली या दोघांत कुठं बसतात. संदर्भ हे तू किती वाचलंस ते दाखवायला नसतात, वाचणाऱ्याला तुझं तपासून बघता यावं म्हणून असतात. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर लॉ कॉलेज रोडला भांडारकर संस्थेत जा, नाहीतर विद्यापीठातल्या जयकर ग्रंथालयात, आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा एखादा खंड मागून घे. १९१९ ला काम सुरू झालं, १९६६ ला पुरं झालं, हजारावर हस्तलिखितं बघितली गेली. संस्कृत येत नसलं तरी चालेल, फक्त पान बघ: वर संपादकांनी स्वीकारलेला पाठ, आणि त्याच पानावर खाली कुठल्या हस्तलिखितात काय वेगळं आहे ते सगळं. म्हणजे ज्याला संपादकांचा निर्णय पटत नाही त्याच्या हातात ते स्वतःच पुरावा ठेवतात. मला ते पान बघून दर वेळी भरून येतं.

चॅटजीपीटीबद्दल. मैत्रीण काळजीनं सांगत असेल, पण तुला जे अडलंय ते तिथं सुटणार नाही. ते तुझं 'प्रक्रियेमध्ये घटकाची भूमिका' वालं वाक्य घेईल आणि तसंच अजून गुळगुळीत करून देईल, मेडिकलचं वाक्य मात्र बहुतेक 'सुरक्षिततेची भावना' करून टाकेल, आणि सगळं गेलं. शिवाय ते कधीकधी अस्तित्वात नसलेले संदर्भ बिनधास्त देतं, पुस्तकाचं नाव, साल, पान सगळं छान, आणि असं पुस्तकच नसतं. वापरायचंच असेल तर विरोधक म्हणून वापर, तुझं म्हणणं दे आणि सांग की याच्यावर हरकती काढ, विभागात हे चालत असेल तर. प्लॅजरिझमच्या आकड्याचा पण तू धसका घेतलेला दिसतोय. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, १० ते ४० असेल तर जास्तीत जास्त ६ महिन्यांत सुधारून परत द्यावं लागतं, ४० ते ६० मध्ये वर्षभर परत देता येत नाही आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. तुझं त्यात काही अडायचं कारण नाही. पण शब्द बदलून आकडा खाली आणला आणि विचार दुसऱ्याचा नाव न घेता वापरला तर सॉफ्टवेअरला दिसत नसलं तरी ती उचलेगिरीच, हे तुझ्या मनात पक्कं असू दे.

कामाला कुठून लागायचं ते सांगते. चॅप्टर दुरुस्त करत बसू नकोस, तो बाजूला ठेव. कोऱ्या कागदावर एक वाक्य लिही ज्याला कोणी नाही म्हणू शकेल. त्याच्याखाली तीन मुलाखतींतली तीन वाक्यं, प्रत्येकापुढं 'यावरून असं का म्हणता येतं' याच्या दोन ओळी. मग सगळ्यात जोरकस हरकत, मग तिचं उत्तर. हे तुझ्या रूममधल्या एखाद्या भांडखोर मुलीला मोठ्यानं वाचून दाखव आणि ती जिथं 'काय?' म्हणेल तिथं पेन्सिलनं खूण कर, तिच्याशी भांडताना तू जे तोंडानं सांगशील तेच तिथं लिहायचं राहिलेलं असतं. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिही, कारण तोवर तुला कळलेलं असेल की प्रस्तावना कशाची करायचीये.

आणि सरांकडं जा गं, नक्की जा. आधी मेसेज करून १५ मिनिटांची वेळ माग, आख्खा चॅप्टर नेऊ नकोस, ही दोनच पानं ने. 'सर मला समजलं नाही' असं नको म्हणूस, 'सर माझं म्हणणं असं आहे, यावर तुमची हरकत काय असेल' असं विचार. ते हरकत घेतील. ती लिहून घे, तिथं लगेच उत्तर द्यायची घाई करू नकोस, रूमवर येऊन मुलाखती परत काढ आणि त्या हरकतीला उत्तर देणारी मुलगी त्या १८ जणींत आहे का बघ. नसेल तर तसं चॅप्टरमध्ये लिही. असेल तर तिचं वाक्य पहिल्या पानावर आण.